टोणगेरावांची साफ केलेली फाइल

ज्या काळी जनावरं सभा भरवत आणि सभांच्या कॅसेटी निघत, त्या काळातली एक म्हातारी कॅसेट शेवटी कॉम्प्युटरसमोर आली. तिच्यात टोणगेरावांचं तासभराचं भाषण होतं, गावाला तळं खोदून देण्याचं. मध्येच गबाजी गाढव ओरडलं होतं, "पाणी कुठाय?" तळं अजूनही खोदलेलं नव्हतं.

टोणगेरावांनी कॉम्प्युटरला फर्मावलं, "हिची फाइल कर. जे जे निरर्थक असेल ते काढून टाक. उद्या सभेत वाजवायचीय."

कॅसेट हळूच कॉम्प्युटरला म्हणाली, "बाळा, तेवढा गबाजी राहू दे रे. अख्ख्या सभेत तो एकटाच बोलला होता."

"आजी, मी कुणाची बाजू घेत नाही. अर्थ लागला तर ठेवतो, नाही लागला तर काढतो."

"मग मेलाच म्हणायचा गबाजी," कॅसेट पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी भरसभेत फाइल लावली. कर्ण्यातून गाढव ओरडलं, "पाणी कुठाय?" आणि फाइल संपली. जनावरं हसून गडाबडा लोळली.

"अरे माठ्या, माझं भाषण कुठाय?" टोणगेराव फुरफुरले.

"साहेब, दोनदा तपासलं," कॉम्प्युटर अदबीनं म्हणाला. "खरखर काढल्यावर एवढंच उरलं."