दाराजवळची चटई

“...ते सगळं खरं, आक्का. पण माफी मागितल्याशिवाय सोपानला ओळीत घ्यायचं तरी कसं?”

वृंदाबाईंनी तिसऱ्यांदा तेच विचारलं.

चंपाआक्का ओसरीवर शेंगा फोडत होत्या. गावच्या बालवाडीत त्यांनी छत्तीस वर्षं पोरं सांभाळली होती. दोन वर्षांपासून तिथं वृंदाबाई शिकवत होत्या.

“चावला कुणाला?”

“ओवीला. दंडावर दात उमटले होते. माझा नियम सगळ्यांना सारखा आहे. चूक केली की दाराजवळच्या चटईवर एकटं बसायचं. माफी मागायची, मगच ओळीत यायचं. एकतीस पोरं आहेत, आक्का. आजवर एकानंही कुरकुर केलेली नाही. गेल्या महिन्यात पर्यवेक्षिका बाई बघून गेल्या, खूश होऊन गेल्या.”

“आणि सोपान?”

“तोंडच उघडत नाही. बोलायला नाही, खिचडी खायलाही नाही. आज तिसरा दिवस.”

आक्का शेंगा फोडत राहिल्या.

“त्याची आई म्हणाली, आजही जेवला नाही तर उद्यापासून वीटभट्टीवर नेते त्याला. बालवाडी बंद...”

आक्कांनी सूप बाजूला सारलं. “चल.”

बालवाडीत मदतनीसबाईंची खिचडी नुकतीच वाढून झाली होती. पोरं बसायच्या पट्ट्यांवर ओळीत बसली होती. दाराजवळच्या चटईवर चार वर्षांचा सोपान भिंतीकडे तोंड करून बसला होता. ताटली तशीच.

आक्का आत आल्या. गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, त्याच्या शेजारी चटईवर बसल्या.

सगळी पोरं माना वळवून बघू लागली.

ओवी उठून जवळ आली. आक्कांकडे निरखून बघत म्हणाली, “आजी, तुम्ही कुणाला चावलात?”

“अजून नाही.”

ओवीनं यावर बराच विचार केला. मग आपली ताटली घेऊन आली आणि चटईवर बसली.

तिच्या मागून तिची मैत्रीण आली. मग आणखी दोघं. मग कोण कुणाच्या मागून आलं, ते कळलंच नाही. चटईवर मावेनात, तशी पोरं चटईभोवती जमिनीवर बसली.

‘ओळ!’ असं वृंदाबाईंच्या अगदी ओठांवर आलं.

सोपाननं हळूच मान वळवली. ओवीच्या फ्रॉकची बाही वर सारली. दंडावर काहीच नव्हतं. तरी त्यानं फुंकर घातली.

“तिथं नाही,” ओवी खिचडी खात म्हणाली. “या हाताला.”

तो उठून दुसऱ्या बाजूला गेला. ती बाही वर केली. पुन्हा फुंकर घातली... पुष्कळ वेळ.

मग आपली ताटली ओढून त्यानं पहिला घास घेतला.

वृंदाबाई रिकाम्या पट्ट्यांपाशी उभ्या होत्या. खाली वाकून हलकेच म्हणाल्या, “पण आक्का, माफी तर त्यानं मागितलीच नाही. आणि ही चटई शिक्षेची... आता मी काय करायचं?”

आक्कांनी वर पाहिलंच नाही.

“सरका रे पोरांनो. बाईंना जागा करा. केव्हाच्या एकट्या उभ्या आहेत.”