तात्यांच्या शिळेवरचे डोळे

श्रीभानुनाथ महाराजांचा मुक्काम त्या वर्षी कसबे नांदुरशेत येथे, ओढ्याकाठच्या दत्तमंदिरात होता. गावात एक शिळाप्रेस होता. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे आणि त्यावरून कागद छापायचे, असे ते काम. तिथले चित्रकार रखमाजी चितारी, ज्यांना सगळे तात्या म्हणत, उत्सवासाठी महाराजांचे चित्र करीत होते. तात्या रेघ फारशी ओढत नसत. बारीक टाकाने ठिपक्याशेजारी ठिपका देत. दाट ठिपके तिथे सावली, विरळ तिथे उजेड. एका गालाला चार दिवस लागत.

माघ वद्य षष्ठीचा दिवस इतर दिवसांसारखाच गेला. तात्यांनी दाढीचे काम संपवले. वैधव्यानंतर माहेरी आलेली त्यांची मुलगी भागीरथी शेजारी बसून शाई घोटत होती. कपड्यांचे आणि आसनाचे ठिपके हल्ली तीच देई.

"डोळे आज होतील," ती म्हणाली. "उजेड आहे अजून."

"डोळे सगळ्यांत शेवटी, आणि अंघोळ करून. किती वर्षं सांगतोय तुला?"

"अंघोळ सकाळी झालीच की तुमची."

"दुपारी कांदा खाल्लाय," तात्या म्हणाले, आणि त्यांनी टाक पुसून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते उठले नाहीत.

तेरावे झाल्यावर भागीरथी प्रेसमध्ये गेली, तेव्हा व्यवस्थापक त्रिंबकराव वाळू चाळून घेत होते. छापायचा दगड सहजी मिळत नाही. एक काम संपले की तो वाळूने घासतात आणि त्याच्यावर दुसरे चित्र काढतात. पहिल्याचे मग काही उरत नाही. त्रिंबकरावांनी नुकताच मुंबईहून कॅमेरा आणला होता, आणि त्याच्यासोबत बारीक जाळीची एक काच. त्या काचेतून फोटो घेतला की त्याचे आपोआप ठिपके होत.

"बिनडोळ्यांचं चित्र कोण लावणार घरात?" ते म्हणाले. "माझी काच एका क्षणात लाख ठिपके पाडते. आणि हा गाल बघा. महाराजांना देवी आल्यात म्हणतील लोक."

कामगार हसले.

"नाहीतर असं करा, भागीरथीबाई, डोळे तुम्हीच काढा. बापाच्या हाताखाली इतकी वर्षं काय शाईच घोटलीत?"

"मला जमत नाही," ती म्हणाली. ते खरे नव्हते.

"मग उद्या घासायला घेतो."

दगडावर तात्यांच्या हातचे एवढेच काम शिल्लक होते. बाकीचे सारे दगड केव्हाच घासून झाले होते. भागीरथी तडक मंदिरात गेली आणि तिने महाराजांना, तात्यांचा दगड उद्या घासणार आहेत, एवढेच सांगितले. महाराजांनी ऐकून घेतले, काठी उचलली आणि ते तिच्याबरोबर निघाले.

प्रेसच्या दारात महाराजांना पाहून त्रिंबकराव लगबगीने पुढे आले.

"त्रिंबक, मला देवी आल्या म्हणालास?"

"गमतीनं बोललो, महाराज."

"आल्या होत्या. सातव्या वर्षी. रखमाजीनं नीट पाहिलं म्हणायचं." महाराज दगडाजवळ बसले. "यावरून एक कागद काढ."

"पण याला डोळेच नाहीत, महाराज."

"कागद काढ. घासायला दगड कुठे पळून जात नाही."

दगड भिजवला, शाईचा रूळ फिरवला, कागद ठेवून दांडा ओढला. त्रिंबकरावांनी कागद उचलला. पापण्यांच्या कडा होत्या, मधे पांढरे.

"बघा, कोरंच आहे."

"भिंतीला लाव," महाराज म्हणाले, "आणि दारापर्यंत मागे जा."

त्रिंबकराव मागे गेले, वळले आणि थांबले. भिंतीवरून महाराज त्यांच्याकडे पाहत होते. थोडे दमलेले, रागाचा लवलेश नसलेले डोळे, आणि ते त्यांच्यावरच लागलेले. त्रिंबकराव भिंग घेऊन कागदाशी आले. पापणीचे ठिपके मोजता येत होते. आत शाईचा कणही नव्हता. दगड तपासला, तिथेही नव्हता. पुन्हा दारापाशी गेले. दृष्टी तशीच होती. असे तीनदा झाले. कामगार आता हसत नव्हते.

तिसऱ्या खेपेला त्रिंबकरावांनी पगडी काढून ठेवली आणि महाराजांच्या पायांवर डोके टेकले.

"लाख ठिपक्यांची घमेंड होती, महाराज. इथे एकही नाही, आणि तुम्ही बघताय."

"तुझी काच वाईट नाही," महाराज म्हणाले. "तिच्यानं कर काम. हा दगड मात्र राहू दे."

"याला वाळू लागणार नाही."

भागीरथी इतका वेळ दगडाशेजारी उभी होती. कागदाकडे तिने पाहिले नव्हते.

"पोरी, तुला डोळे काढता येत होते," महाराज म्हणाले.

"येत होते."

"मग?"

"डोळे काढले की चित्र पुरं होतं, महाराज. मग तात्यांचं काहीच व्हायचं राहत नाही."

महाराज वाट पाहत बसले. गेल्या पंधरवड्यात घरी येणाऱ्या प्रत्येकाला तिने सगळे नीट सांगितले होते. ताप नव्हता, त्रास झाला नाही, रात्री भाकरी खाल्ली, झोपेतच होते. एवढ्या बोलण्यात एक वाक्य तिने एकदाही उच्चारले नव्हते.

तिने मान वर केली आणि भिंतीकडे पाहिले.

"तात्या गेले," ती म्हणाली.