एका ओळीचं पत्र

वेळूगड संस्थानचे दिवाण मुकुंदराव यांना जड इंग्रजी शब्दांचं भारी वेड. तलावाचा बांध फुटायला आला, तेव्हा त्यांनी चिटणिसाच्या जागेसाठी आलेल्या उमेदवारांना फर्मावलं, "गोऱ्या इंजिनियरला बोलावणारं इंग्रजी पत्र लिहा. ज्याचं पत्र जाईल, त्याची नेमणूक."

सगळ्यांनी अवघड शब्द आठवून आठवून दोन-दोन पानं भरली. शाळामास्तर गुणाजी शेलवडकरांनी मात्र सोप्या इंग्रजीत एकच ओळ लिहिली, 'बांध फुटतोय, ताबडतोब या.'

दिवाण कडाडले, "मास्तर, एवढेच शब्द येतात?"

गुणाजींनी इतरांची पत्रं मागून घेतली आणि त्यांतल्या एकूण एक शब्दाचा अर्थ घडाघडा सांगितला. दिवाण थक्क झाले. "मग वापरले का नाहीत?"

गुणाजींच्या डोळ्यांपुढे बांधाखालची वस्ती होती. ते हात जोडून म्हणाले, "दिवाणसाहेब, कोठार भरलेलं असलं, तरी भुकेल्याच्या ताटात आपण भाकरीच वाढतो, पोतं ओतत नाही. हे शब्द खुद्द साहेबालाही कोशात शोधावे लागतील, आणि तोवर गाव वाहून जाईल."

दिवाणांनी त्या ओळीखाली सही करून स्वार पिटाळला आणि ते म्हणाले, "चिटणीस, उद्यापासून माझीही पत्रं तपासत जा."