कपाळावरची माती

एका राज्यात रणधवल नावाचा राजा होता. त्याच्या घराण्याची एक रीत होती. राज्य जिंकले की तिथल्या शिवेची मूठभर माती आणायची आणि आपल्या वेशीत पुरायची. मोहिमेवर निघताना रणधवलाने वेशीत खड्डा खणवला. राणी केतकी म्हणाली, "खड्डा बुजायच्या आत या."

त्याने पूर्व जिंकली, दक्षिण जिंकली. दोन्हीकडची माती शेल्यात बांधली. पश्चिमेचा मांत्रिक राजा कालिंजय हरला, तेव्हा तिथली माती रणधवलाने तिथेच कपाळी लावली, विजयाचा टिळा म्हणून.

कालिंजय म्हणाला, "माती आपले घर विसरत नाही, राजा. आता तूही विसरणार नाहीस, आणि पोहोचणारही नाहीस."

सैन्य घरी पोहोचले. राजा तेवढा पोहोचेना. रोज सांजेला वेस दिसे, चुलींचा धूर दिसे, भाकरीचा वास येई. घोडा पाऊल टाकी, तोच वाट वळे आणि वेस डोंगराआड जाई. असे होता होता राजाचे केस पिकले. घोडा म्हातारा होऊन एका पळसाखाली बसला, तो उठलाच नाही.

पळसावर साळुंकी होती. ती म्हणाली, "घोड्याला कळले, तुला कळेना. अरे, माती ओढते आहे तुला. जिची तिला दे. पायी जा."

राजा पूर्वेला गेला, माती शिवेवर ठेवली. माती गेल्यापासून आटलेल्या तिथल्या विहिरींना पाणी आले. दक्षिणेला गेला, तिथे जोडे झिजून गळाले. माती ठेवताच वठलेल्या आंब्यांना मोहोर आला. मग पश्चिमेला आला. टिळा पाण्याने धुतला, वाळूने घासला, तलवारीने खरवडला. निघेना.

शिवेच्या दगडापाशी कालिंजय बसला होता. माती गेल्यापासून त्याच्या डोळ्यांना दिसत नव्हते, तरी राजाची चाहूल ओळखून म्हणाला, "पुसून जायची नाही ती. टेकवावी लागते."

रणधवल आईखेरीज कुणापुढे वाकला नव्हता. तो पुष्कळ वेळ उभा राहिला. मग धूर आठवला, भाकरीचा वास आठवला. गुडघे टेकून त्याने कपाळ भुईला लावले. माती मातीत गेली. कालिंजयाला दिसू लागले. तो राजाकडे बघून म्हणाला, "फारच थकलास रे. जा आता."

वाट सरळ झाली. वेशीत पिकल्या केसांची केतकी उभी होती. सैन्य आले तेव्हापासून ती रोज तशीच उभी राही, हाती ताजी भाकरी आणि पाण्याचा तांब्या घेऊन.

"जोडे कुठे?" तिने विचारले.

"दक्षिणेत झिजले."

"आणि माती?"

"जिची तिला दिली. खड्डा रिकामाच राहिला."

"रिकामा कसा राहील? मी मोगरा लावला त्यात."

तिने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, त्याच्या अनवाणी पायांवर पाणी घातले. "आत चला. भाकरी निवते आहे."

रणधवलाला त्याची वेस भेटली, तशी वाटेवरच्या साऱ्यांना आपापली भेटो.