दीपस्तंभातला पहिला दिवा

“आणि तिथं मी काय केलं म्हणतोस?” हंसगिरीबाबांनी विचारलं.

“दिवा लावलात, बाबा.”

“कुठं?”

“आमच्या बेटावर. जुन्या दीपस्तंभात. पहिला दिवा तुम्ही लावलात.”

बाबा हसले. हसता हसता त्यांना खोकला आला. “अरे मनू, मला खाडी ओलांडताना मळमळतं. समुद्र कधी ओलांडला मी?”

मनोहर कुबल हसला नाही.

तो मठाच्या ओट्यावर मांडी घालून बसला होता. परदेशात राहून मांडीची सवय मोडली होती. गुडघे आपले वर येत होते. पुढ्यात रेशमी रुमालात बांधलेलं एक पुस्तक होतं. पलीकडे खांबाला टेकून त्याची शेवंतीवहिनी बसली होती. विमानातून उतरल्यापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

मठ खाडीच्या तोंडाशी, टेकाडावर. दुपारी बाबी तांडेल होडी काढण्याआधी ओट्यावर दोन शहाळी ठेवून गेला होता. “तिकडच्या पाहुण्यांना द्या,” म्हणाला होता. या गावात जन्मलेल्या मनोहरला ‘तिकडचा पाहुणा’ हे शब्द जरा लागले होते.

“पुस्तकात आहे म्हणालास ना? पुस्तक कसलं?” बाबांनी विचारलं.

“परीक्षेचं. तिकडं नागरिक व्हायचं तर परीक्षा द्यावी लागते. अधिकारी समोर बसवतो आणि तोंडी विचारतो. देशाचा पहिला राजा कोण, मोठी नदी कुठली, झेंड्यावर काय आहे. बाहेरून आलेले सगळे या पुस्तकावरूनच अभ्यास करतात.”

“तू लिहिलंस?”

“मी लिहिलं.” मनोहर नकळत ताठ बसला. “माझ्याआधीच्या पुस्तकांत चुका म्हणजे काय सांगू, बाबा! एकात नदी समुद्राकडून डोंगराकडं वाहायची. एकात राजा मेला, आणि पान उलटलं तर तोच कालवा खणतोय! बिचारे लोक तेच पाठ करायचे आणि नापास होऊन रडत यायचे. मी एकेक चूक हुडकली. कचेरीला पत्रांवर पत्रं घातली. शेवटी कचेरीनं माझंच पुस्तक मान्य केलं. आता प्रश्न यातूनच निघतात.”

“म्हणजे यात चूक नाही.”

“नाही… एक आहे.”

“नजरेतून सुटली?”

“नाही. मीच घातलीय.”

वहिनीनं पदर सारखा केला आणि खाडीकडं पाहिलं.

झालं होतं असं. मनोहरचं पुस्तक खपायला लागलं, तसं दुसऱ्या शिकवणीवाल्यांनी ते उचललं आणि आपापल्या नावानं छापलं. नदी सगळ्यांची, राजा सगळ्यांचा. चोरी सिद्ध करायची कशी? तेव्हा मनोहरनं एक खोटी गोष्ट पेरली. बेटावरच्या दीपस्तंभात पहिला दिवा कोणी लावला, याची कुठंच नोंद नाही. त्यानं लिहून टाकलं की कोकणातून आलेल्या हंसगिरी नावाच्या खलाशानं. पुढं एका चोराच्या पुस्तकात हंसगिरी जसेच्या तसे सापडले, आणि चोर पकडला गेला.

“पण माझंच नाव का रे?”

“सुचलं. लहानपणी तुमच्या कंदिलाची काच मीच पुसायचो ना. म्हटलं, तेवढीच गुरुदक्षिणा.”

“आमिष म्हणून गळाला गुरू लावलास.” बाबांनी मान डोलावली. “मासे धरणाऱ्याचा पोर खरा.”

वहिनीला हसू आलं. तिनं ते पदराआड घेतलं.

“चोर सापडला की काढून टाकणार होतो,” मनोहर म्हणाला. “राहून गेलं.”

“राहून गेलं, की ठेवलंस?”

खाली खाडीचं पाणी चढत होतं. मनोहर बोटांनी रुमालाची गाठ सोडत राहिला.

“लोकांना आवडलं ते, बाबा. आपली माणसं सणावाराला जमतात तिकडं. आपल्यातल्या एकानं या देशाला पहिला दिवा दाखवला म्हणून त्यांची छाती फुगायला लागली. दीपस्तंभाखाली त्यांनी पितळी पाटी बसवली. मला बोलावलं.”

“गेलास?”

“गेलो.”

“काय केलंस?”

“नारळ फोडला.”

बाबांनी वहिनीच्या दिशेनं तोंड वळवलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. माणूस कुठं बसलाय ते त्यांना श्वासावरून कळायचं.

“शेवंते, तू दिलीस का गं परीक्षा?”

“दिली, बाबा. दोनदा.”

“मग?”

“नापास.”

“एका उत्तरानं, बाबा!” मनोहर उसळून म्हणाला. “दोन्ही वेळा एका उत्तरानं! वय झालंय, दोनचार गोष्टी विसरते. ते चालतं. पण दिव्याचा प्रश्न हमखास येतो, आणि ही काय सांगते? ‘कोणी लावला ते कुणालाच ठाऊक नाही.’ तो अधिकारी चांगला माणूस आहे. दुसऱ्या वेळी त्यानं दोनदा विचारलं. हिनं दोनदा तेच सांगितलं.”

“मग खरं तेच सांगितलं की तिनं.”

“खरं आहे, पण बरोबर नाही!”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते मनोहरला ऐकू आलं. पण बाबांनी ते तसंच पुढं जाऊ दिलं.

“आता तिसरी वेळ,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “शेवटची. तीत नापास झाली, तर तिला तिकडं राहता येणार नाही. पोरगा तिकडं, सून तिकडं, नात तिकडं. दादा गेल्यावर इथं तिचं कोण उरलंय? घराला कुलूप आहे.”

“का गं, शेवंते? म्हणून टाकायचं की.”

वहिनी शांतपणे बोलली.

“पुस्तक लिहिलं तेव्हा मी पान वाचून दाखवायची आणि भावजी तपासायचे. हे पान आलं तेव्हा मी विचारलं, ‘बाबा कधी आले होते इकडं?’ तर हसले. म्हणाले, ‘कुठं बोलू नका वहिनी, चोर धरायचाय.’ …मला ठाऊक नसतं, तर मीपण घडाघडा म्हटलं असतं. शेजारणी म्हणतात. त्यांचं चुकत नाही. पण मला ठाऊक आहे. तोंडात येतच नाही, बाबा. आणि तुमचं नाव घेऊन खोटं बोलायचं?”

“ऐकलंत?” मनोहर पुढं सरकला. “म्हणूनच हिला घेऊन आलो. माझं ऐकत नाही, पोराचं ऐकत नाही. तुमचं ऐकेल. तुमच्याच नावाची गोष्ट आहे. तुमची हरकत नसेल, तर हिला कसलं पाप? एकदा फक्त ‘म्हण’ म्हणा.”

“तू का नाही कळवत कचेरीला? पत्रं घालायची सवय आहे तुला.”

मनोहर रुमालाच्या घड्या घालू लागला.

“सांग की.”

“पुस्तक रद्द होईल, बाबा. शिवाय ज्यांनी ज्यांनी ते उत्तर देऊन परीक्षा दिली, त्यांचे दाखले उकरून काढतील. शेकडो लोक आहेत. त्यांची काळजी वाटते.”

“वाटणारच. आणि?”

“…आणि माझं नाव आहे तिकडं. ‘अचूक कुबल’ म्हणतात मला.”

बाबांनी हात पुढं केला. मनोहरनं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. बाबांनी कागदावरून बोटं फिरवली, पुठ्ठा चाचपला, वास घेतला, आणि ते वहिनीकडं दिलं.

“वाचून दाखव. मलापण नागरिक होऊ दे.”

वहिनी वाचू लागली. तिचा आवाज स्वच्छ होता. नदी आली, राजा आला, झेंड्यावरचा पक्षी आला. तिच्या तोंडून आपलं लिहिणं ऐकताना मनोहरला मनापासून वाटलं की हे चांगलं काम झालंय. आई गेल्यावर याच आवाजानं त्याला हाका मारून जेवायला बसवलं होतं.

मग आवाज थांबला. पान उलटल्याचा आवाज आला. वहिनी पुढच्या पानावरून पुन्हा वाचू लागली.

“मधलं पान चिकटलं काय गं?” बाबांनी विचारलं.

“नाही, बाबा. उलटलं.”

“एकच तर चूक आहे!” मनोहर म्हणाला. “बाकी सगळं बरोबर आहे. अक्षरन् अक्षर.”

बाबा उठले. “दिवेलागण झाली. मनू, कंदील लाव.”

कंदील ओट्याच्या कोपऱ्यात होता. मनोहरनं पुस्तकाचा रुमाल घेऊन काच पुसली, वात सारखी केली, काडी ओढली. हात काही विसरले नव्हते. टेकाडाच्या टोकाला दगडी खांब होता, खांबाला लोखंडी आकडा. कंदील घेऊन तो तिकडं निघाला.

“तिथं नको,” मागून बाबा म्हणाले. “पलीकडं सुरूचं झाड आहे ना, त्याला अडकव.”

मनोहर थबकला.

“बाबा, कंदील खांबाला असतो.”

“असतो. आज झाडाला लाव.”

“पण हा कंदील आणि मागच्या डोंगरावरच्या देवळातला दिवा एकावर एक दिसले की होडी आत घालायची. तुम्हीच शिकवलंत मला. बाबी तांडेल अजून बाहेर आहे. कंदील हलला तर तो खडकावर जाईल!”

“चार पावलांचा तर फरक. उजेड तोच, तेल तेच.” बाबा पुन्हा ओट्यावर टेकले. “बाकी सगळं बरोबर आहे की.”

“बाबा…”

“अडकव.”

गुरूची आज्ञा. त्यानं कंदील सुरूच्या फांदीला अडकवला आणि परत येऊन बसला. आता मांडी घातली नाही.

अंधार पाण्यावरून चढत वर आला. मागच्या डोंगरावर देवळाचा दिवा लागला. वाऱ्यानं पुस्तकाची पानं आपोआप उलटत होती. कोणी ते मिटलं नाही.

मग वल्ह्यांचा आवाज आला. पाठोपाठ बाबीचं गुणगुणणं. घरी परतणाऱ्या माणसाचं असतं तसं, निर्धास्त.

वहिनी उठली.

“तू बस, शेवंते,” बाबा म्हणाले.

ती बसली.

खाडीच्या तोंडाशी एक काळा ठिपका हलत होता. देवळाचा दिवा आणि कंदील एका रेषेत यायची तो वाट पाहत असणार. थोडा पुढं सरकला. आणखी थोडा. मग होडीचं तोंड वळलं. शंका न घेता वळलं. त्या कंदिलावर शंका घ्यायचं त्याला कारणच नव्हतं.

“बाबा, होडी वळली.”

…

“बाबा, तो कंदील काढा तिथून!”

बाबा हलले नाहीत.

“बाबा, माणूस आहे त्या होडीत!”

“मी कसा काढू, मनू?” बाबा म्हणाले. “मी इथं कुठं आहे? मी तिकडं, तुझ्या दीपस्तंभात.”

मनोहर धावला. अवघडलेले गुडघे घेऊन, अनवाणी, ठेचकाळत धावला. फांदीवरून कंदील ओढताना हात भाजला. तसाच तो खांबाकडं गेला. आकडा सापडेना. शेवटी त्यानं कंदील डोक्यावर धरला आणि खांबाला पाठ लावून तो तसाच उभा राहिला. खाली बघायचा धीर झाला नाही.

वल्ही थांबली.

मग पाण्याचा जोराचा खळखळाट झाला. कोणीतरी शिवी हासडली. होडीचा काठ कशाला तरी घासला… आणि वल्ही पुन्हा चालू झाली. संथ. आतल्या पाण्यात.

वहिनी त्याच्याजवळ आली. तिनं त्याच्या हातातून कंदील घेतला आणि आकड्याला अडकवला. मग पदर ओला करून त्याच्या भाजलेल्या हाताला लावला. लहानपणी लावायची तसा.

“वहिनी,” तो म्हणाला.

खालून, धक्क्यावरून, बाबीचा आवाज आला. अजून घाबरलेला आणि त्यामुळे चिडलेला.

“ओ बाबा! आज दिवा कोणी लावला हो?”

मनोहरनं ओट्याकडं पाहिलं. वहिनी मनोहरकडं पाहत होती.

बाबांनी वाऱ्यानं उलटणारं पुस्तक चाचपून मिटलं, आणि खाडीकडं तोंड करून ओरडून सांगितलं,

“मला ठाऊक नाही रे! मनूला विचार.”