मोरशेठचा मायाटोप

माणसाचा पाय लागण्याआधी जंगलात आठवडी बाजार भरायचा. रीत अशी, की आधी माल वापरून बघायचा, मग घ्यायचा. एकदा मोरशेठने तिथे 'हेच भविष्य!' असं ओरडत मायाटोप विकायला मांडला. डोळ्यांवर चढवला की खऱ्या जंगलात खोटं जंगलही मिसळून दिसे. किंमत फार नाही, वर्षभराची दाण्यांची बेगमी तेवढी!

पिलांसाठी अळ्या शोधत आलेल्या साळुंकीबाईने टोप चढवला. समोर गलेलठ्ठ अळी वळवळत होती! तिने झडप घातली आणि चोच दगडावर आपटली.

"अहो, ही अळी खोटी आहे!"

"ती बघायची असते, खायची नसते," मोरशेठ समजूत काढत म्हणाला.

"आणि मान केवढी अवघडली!"

"बाई, भविष्य जडच असतं."

"मग ते तुमच्याकडेच राहू द्या. माझी पिलं आज भुकेली आहेत."

दिवसभर सगळ्यांनी टोप घालून बघितला, तोंडभर वाहवा केली आणि शेजारच्या दुकानातून ज्वारी घेतली.

पुढच्या बाजारात साळुंकीबाई तिथून चालली होती. मोरशेठच्या दुकानापुढे चिटपाखरूही नव्हतं. तो स्वतःच टोप चढवून ऐटीत बसला होता. तिची चाहूल लागताच खेकसला, "ओ बाई, मध्ये घुसू नका! रांगेतून या!"