रेवलीचं पहिलं दार

उंदीर आपापलं बीळ पारखून निवडायचे, त्या काळी रेवली नावाची एक तरणी उंदरीण होती. खणण्याचं तिला भारी वेड.

ती आधी बांधाखालच्या मोठ्या बिळात गेली. तिथं तीनशे उंदीर राबत होते. मुकादम मिशा ताठ करून म्हणाला, "दोन वेळा पोटभर दाणे मिळतील. तू डावी वळणं खणायची."

"आणि उजवी?"

"त्याला वेगळा विभाग आहे."

मग ती बोरीखालच्या छोट्या बिळात गेली. तिथं गोदाक्का आणि तिची चार पिल्लं एवढीच मंडळी. आक्का म्हणाली, "दाण्यांचा भरवसा नाही बाई. पण नवं बीळ खणायचंय. दार कुठं काढायचं ते तूच ठरव."

हे ऐकून रेवली तिथंच राहिली. तिनं हौसेनं पाटाच्या बाजूला दार काढलं. वारा छान येत होता. तिसऱ्या दिवशी पाटाला पाणी सुटलं आणि थेट बिळात शिरलं. दोघींनी पिल्लं तोंडात धरून कशीबशी बोरीवर चढवली.

रेवलीला रडू फुटलं. "आक्का, माझं चुकलं. मी जाते मोठ्या बिळात."

आक्का ओली शेपटी झटकत म्हणाली, "वा गं वा! पाणी कुठून शिरतं ते माझ्या घरात शिकलीस, आणि आता त्यांच्याकडे जातेस? उतर खाली. दुसरं दार काढ."

रेवली डोळे पुसत उतरली आणि उंचवट्यावरची माती हुंगू लागली.